उसनी खेळाडू

राखीला शुक्रवारी पहाटे उलटी झाली. हे तिला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कुणालाही नाही. आणि उद्या सकाळी दहा वाजता ती मैदानात उतरणार आहे. आतल्या खोलीत ती माझ्या मुलीच्या, चंचलच्या शेजारी झोपली आहे. मी आतापर्यंत तीनदा उठून तिचा श्वास बघून आले. एकदा तर तिला हलवून जागं केलं आणि विचारलं, "राखी, आज वार कोणता?"

"शनिवार," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपू द्या ना काकू."

वार बरोबर होता, तरी मला झोप येत नाही. भुवनेश्वर, म्हणजे माझे पती, रेल्वेत आहेत. त्यांची आज रात्रपाळी आहे, त्यामुळे बोलायलाही कुणी नाही. म्हणून लिहायला बसले. ही पोरगी कोण, माझ्या घरी कशी आली आणि माझ्यामुळे तिच्यावर काय वेळ आली, ते सगळं एकदा सरळ मांडून बघायचं आहे.

राखी बोदलकसाची. तिथल्या जलाशयावर तिचे वडील दुधराम मासे धरतात. आई गंगाबाई ते तिरोड्याच्या बाजारात नेऊन विकते. राखी एकोणीस वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून ती वडिलांबरोबर डोंग्यात बसायची. जाळं ओढताना दोन्ही पाय कसे रोवायचे आणि जोर खांद्यातून न लावता कमरेतून कसा लावायचा, हे तिला कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेलं नाही. बारावीपर्यंत ती सायकलने तिरोड्याला गेली. तिथेच कबड्डी खेळली. पोलीस भरतीसाठी पहाटे पाळीवर धावायची तिची सवय आहे. पाळ म्हणजे तलावाचा बांध. आमच्या घरी आल्यावर पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "काकू, इथं पाळ कुठं आहे?" गोंदियाला लागून असलेल्या आमच्या फुलचूरमध्ये पाळ कुठली! मी तिला बायपासचा रस्ता दाखवला. ती परत आली आणि म्हणाली, "एका बाजूला पाणी नसलं तर पळाचा मजाच नाही येत."

आता रग्बीबद्दल सांगते. गोंदियात रग्बी म्हटलं की लोक अजूनही हसतात. चार वर्षांपूर्वी भूपेंद्र सरांनी फुलचूरला मुलींचा संघ काढला, तेव्हा मीही हसले होते. लांबट, भोपळ्यासारखा चेंडू, तो हातात घेऊन पुढे पळायचं, पण फेकायचा मात्र मागे. आमच्याकडे कबड्डी सगळ्यांच्या रक्तात आहे, म्हणून लोकांनी या खेळाला 'बॉलची कबड्डी' असं नाव दिलं. धरपकड दिसली की त्यांना कळायचं, चेंडू मागे गेला की ते चिडायचे. चंचल आठवीत होती, तिने नाव दिलं. मी बी.एस्सी. झालेली, घरी शिकवण्या घेणारी बाई. मुलगी काय खेळते हे कळलं पाहिजे, म्हणून नियमांचं पुस्तक मोबाईलवर उतरवून वाचलं, आणि समर्थकांच्या ग्रुपवर थोडं थोडं मराठीत लिहून टाकायला लागले. त्यामुळे मैदानाच्या कडेला माझ्या शब्दाला वजन आलं. पंचाने शिट्टी वाजवली की बाया, माणसं माझ्याकडे बघायची, "काऊन वाजवला बाई?" मला ते आवडायचं. आज लिहिताना कबूल करते.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे बारा मुली होत्या. सामना सात जणींचा असतो, म्हणजे बाकावर पाच. मग दोघींना नागपूरच्या एका अकादमीने वसतिगृहासकट नेलं. एकीचं लग्न झालं. एकीचा गुडघा गेला. राहिल्या आठ. आणि ऑक्टोबरमध्ये, आमच्याच मैदानावर, ओमेश ड्रायव्हरच्या मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी दहा हातांवर होते. तुरीची वाळलेली काडी, तुऱ्हाटी, मोडावी तसा आवाज आला. त्या रात्री मी चंचलच्या गळ्याखालच्या त्या हाडावरून ती झोपेत असताना बोट फिरवत राहिले. किती बारीक असतं ते.

राहिल्या सात, आणि त्यात चंचल.

पुढच्याच आठवड्यात सरावात चंचलचा पाय जरा मुरगळला. दोन दिवसांत सूज उतरली. पण मी सरांना फोन करून सांगितलं, लिगामेंटला लागलंय, डॉक्टर सहा आठवडे विश्रांती म्हणतात. डॉक्टरकडे आम्ही गेलोच नव्हतो. मेडिकलमधून ताणाची पट्टी आणली आणि चंचलच्या पायाला बांधली.

"आई, हे काय आहे?" चंचल म्हणाली.

"बारावी आहे तुझी."

"बारावी तर जूनपासून आहे."

तिने पट्टी बांधू दिली. तिलाही ते हाड मोडताना दिसलं होतं. पण तेव्हापासून दर रविवारी ती खेळाचे बूट काढून, घासून, उन्हात ठेवते आणि संध्याकाळी परत पिशवीत भरते. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

सहाच मुली उरल्या. समर्थकांची बैठक नेहमी हिरालालच्या चहाच्या टपरीवर होते, मैदानाला लागूनच आहे ती. त्या दिवशी सगळे आपापली नावं सुचवत होते. टेकचंदजी जुने कबड्डीपटू. त्यांचं म्हणणं, कबड्डीतलीच पोरगी आणा, रग्बी आठ दिवसांत शिकवता येते, पण भीती काढायला आठ वर्षं लागतात. मी तिरोड्याच्या एका स्पर्धेत राखीला बघितलं होतं. चौघींना अंगावर घेऊन ती रेषेपर्यंत सरपटत आली होती. माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. इतकंच नाही, ती कुठे राहणार असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हणाले, "आमच्याकडे."

आमच्या भागात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, कबड्डी सामन्यांना दुसऱ्या गावचा गडी आणायची जुनी रीत आहे. उसना गडी म्हणतात. तो ज्या घरी उतरतो, त्या घराची त्याच्याबद्दलची जबाबदारी. त्याचं खाणं, झोपणं, दुखणं सगळं त्या घरचं. सामन्याला निघताना त्या घरची बाई त्याच्या हातावर दही ठेवते, आणि त्याला परत त्याच्या गावी पोहोचवायला घरचा माणूस जातो. रग्बी आली तरी रीत तीच राहिली. राखी आमच्या घरची उसनी खेळाडू झाली. लोक म्हणाले, बघा, स्वतःची पोरगी जखमी आहे तरी बाई टीमसाठी किती करून राहिली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

गंगाबाई तिला सोडायला आल्या तेव्हा कागदात बांधलेले सुकवलेले झिंगे घेऊन आल्या होत्या. चहा प्यायल्या, आमचं घर एकदा वळून बघितलं, चंचलच्या पट्टीकडे बघून हळहळल्या. "पोरीईच्या जातीले हा खेळ कठीणच आहे, बाई," म्हणाल्या. मग जाताना दारात माझा हात धरला. "तुमच्या पोरीवानीच पाहजा."

मी हो म्हणाले.

राखीने पहिल्याच आठवड्यात चेंडू आपलासा केला. बाकीच्या मुलींच्या हातून तो निसटायचा, हिच्या हातून नाही. सरांनी विचारलं, तर म्हणाली, "मरळ मासा असाच राहते सर. वरून धराल तर गेला. खालून पोटाले हात लावाचा." दुसऱ्या दिवशी सर सगळ्या मुलींना ओरडून सांगत होते, "खालून! पोटाला हात!" मैदानाच्या कडेला हिरालाल हसून हसून लोटपोट. घरी ती भराभर जेवायची, ताट स्वतः घासायची, रात्री चंचलला मासे ओळखायच्या खुणा सांगायची. चंचल इतकी हसताना मी महिनाभर बघितली नव्हती. एकदा सकाळी पट्टी बांधायला मला उशीर झाला, आणि घाईत चंचलने ती दुसऱ्याच पायाला गुंडाळली. राखी समोरच पोहे खात होती. तिने चंचलच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोहे खाली मान घालून संपवले. म्हणजे तिला कळलं होतं. ती कधी बोलली नाही. म्हणजे, शुक्रवारपर्यंत कधी बोलली नाही.

गुरुवारी भंडाऱ्याच्या संघाशी सामना होता. आठ सामन्यांत आम्ही फक्त दोन जिंकलेलो. दुसऱ्या डावात राखी चेंडू घेऊन कडेकडेने पळाली आणि भंडाऱ्याच्या मुलीने तिला कमरेत धरून पाडलं. त्या मुलीची काही चूक नव्हती, पकड अगदी नियमात होती. पण आमचं मैदान म्हणजे एके काळची धानाची बांधी, भाताचं खाचर; जानेवारीत जमीन विटेसारखी टणक होते. राखीच्या डोक्याची मागची बाजू आपटली. ती पडून राहिली. मोजले तर पाच-सात क्षण असतील.

"उठ राखी! उठ!" सगळे ओरडायला लागले. कबड्डीत पडलेला गडी उठला की टाळ्या मिळतात, आमच्या लोकांना तेच माहीत. मीही ओरडले. कुणी तोंडावर पाणी मारलं, हिरालालने टपरीवरून कांदा फोडून आणला आणि तिच्या नाकाशी धरला. ती उठली. टाळ्या पडल्या. आणि ती चालत जाऊन भंडाऱ्याच्या मुलींच्या रांगेत उभी राहिली.

सगळं मैदान हसलं. "अरे, पार्टी बदलली का व?" टेकचंदजी ओरडले. मीसुद्धा हसले. भंडाऱ्याच्या एका मुलीने तिला दंडाला धरून आमच्या बाजूला आणून सोडलं. ती पुढची चार मिनिटं खेळली, आणि तो सामना आम्ही जिंकलो.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं. त्या दिवशी तिला पुन्हा खेळवायचं नाही, आणि डॉक्टरने बघितल्याशिवाय पुढेही नाही. हा नियम चार वर्षांपूर्वी ग्रुपवर मीच मराठीत लिहिला होता. 'महत्त्वाचं' असं वर लिहून. आज रात्री शोधून काढला. खाली अंगठ्याच्या चौदा खुणा आहेत, त्यातली एक भूपेंद्र सरांची.

शुक्रवारी पहाटे मोरीत आवाज आला म्हणून गेले. राखी भिंतीला धरून उभी होती. उलटी झाली होती. डोकं दुखतंय म्हणाली, उजेड नको म्हणाली. मी तिला लिंबूपाणी दिलं, गोळी दिली, पाठीवरून हात फिरवला. मग तिने विचारलं, "काकू, आज सामना आहे ना?"

"काल झाला बाळा."

"हो का," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "आज सामना आहे ना?"

मी म्हणाले, सरांना सांगू, दवाखान्यात जाऊ. तर ती एकदम सावध झाली. माझा हात धरला.

"नोका सांगू काकू. रविवारी राज्याच्या टीमसाठी पाहाले येऊन राहिले. दोन माणसं येतात म्हणे. माया नंबर लागला तर भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज भरता येते मले. मी दोनदा बिना खेळाची भरली, दोनदा राहिली."

"अगं, पण डोक्याचं आहे हे."

"डोस्क्याले मार तं डोंग्यातबी लागते." मग अगदी साधेपणाने म्हणाली, "मी चंचलच्या पायाचं कोणाले सांगतली का? तुमीबी नोका सांगू."

तिच्या मनात धमकी नव्हती. दोन मैत्रिणी एकमेकींचं झाकतात तसं ती बोलली. मी मात्र ते व्यवहार म्हणून ऐकलं आणि मान्य केलं. "बरं," म्हणाले. त्या एका शब्दावर मी दोन दिवस जगतेय.

कारण मला दिसत होतं ते असं. राखी बाहेर बसली तर आमच्याकडे सहा मुली उरतात. सहा जणींवर सर उतरणार नाहीत, आणि मग पहिला प्रश्न येणार, चंचलचा पाय आता कसा आहे? सहा आठवडे कधीच होऊन गेलेत. मी दोनदा वाढवून घेतलेत. राखीच्या डोक्याचं खरं सांगायचं तर चंचलच्या पायाचं खरं सांगावं लागतं, किंवा निदान चंचलला मैदानात पाठवावं लागतं. मला दोन्ही नको होतं. दुसऱ्याच्या पोरीला मी माझ्या पोरीच्या जागी उभं केलं होतं, आणि ती पडली तरी ती जागा रिकामी होऊ देत नव्हते.

आज संध्याकाळी दूध आणायला निघाले होते. टपरीवरून हिरालालने हाक मारली. उद्याच्या सामन्यावर चर्चा रंगात आली होती. आटाचक्कीवाले मनिराम भैया बाकावर पाय वर घेऊन बसले होते.

"मैं शुरू से बोल रहा हूँ," ते म्हणत होते, "बाहर से लाना है तो दो प्लेयर लाओ. एक से क्या होता है? कल को वो भी बैठ गई तो?"

"दोन कुठून आणू?" टेकचंदजी म्हणाले. "झाडाले लागतेत का?"

"नागपूरवाले आपल्या दोन घेऊन गेले," हिरालाल गाळणी आपटत म्हणाला. "आपण त्याईची एकबी आणली नाही. आपली टीम नाही, पऱ्हा आहे पऱ्हा. बी आपण टाकाचं, रोप आपण वाढवाचं, अन् रोवणी दुसऱ्याच्या बांधीत."

"सर का भी तो प्लानिंग नहीं है. मैदान पे छह, बेंच पे पलस्तर."

"सराले कायले बोलता? हाड सरानं मोडलं का?"

"मैदान में पानी तो मार सकते थे! मेरी चक्की का पत्थर इससे नरम है."

मग हिरालालचं लक्ष माझ्याकडे गेलं. "चंचलचा पाय काय म्हणते, बाई?"

"डॉक्टर म्हणतात अजून दोन आठवडे."

"कोणता डॉक्टर? मले माया गुडघा दाखवाचा आहे."

मी दुधाची बरणी दुसऱ्या हातात घेतली. "नागपूरचे आहेत," मी म्हणाले.

"नागपूरले नेलं तुमी तिले?" हिरालालने कौतुकाने टेकचंदजींकडे बघितलं. "पाहा, याले म्हणतात माय. अन् वरून उसनी पोरगीबी सांभाळून राहिली."

"भाभी, राखी ठीक है ना?" मनिराम भैयांनी विचारलं. "कल प्रैक्टिस में सुस्त लगी. पास भी दो बार छोड़ा. वो तो कभी नहीं छोड़ती."

मासा खालून धरणारी राखी. तिच्या हातून चेंडू दोनदा सुटला होता.

"थकली आहे," मी म्हणाले.

"थकू द्या, पण पाहाले लागते," टेकचंदजी म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, बशीत चहा ओतत होते. "आमच्या काळी कामठ्याचा एक उसना गडी आणला होता. ताप होता त्याले. ज्या घरी उतरला त्याईनं सांगतलं नाही, सामना मोठा होता म्हणून. मैदानातच पडला. वाचला, पण पुढं कामठ्यानं आमाले वीस वर्षं गडी नाही देला. उसनं भांडं असो का उसना गडी, जसं आणलं तसं परत करा लागते."

"पोचे पडल्यावर परत कराल तं कोण घेते?" हिरालाल म्हणाला, आणि सगळे हसले.

मी दूध घेतलं की नाही मला आठवत नव्हतं. घरी येऊन बरणी उघडली तेव्हा रिकामी होती.

रात्री जेवताना राखीने अर्धी पोळी ठेवली. चंचलने विचारलं, "काय झालं गं?" राखी म्हणाली, पोट भरलं. चंचलने माझ्याकडे बघितलं. ती मूर्ख नाही. झोपायला जाताना दाराशी थांबून म्हणाली, "आई, राखीला बरं नाही ना?"

"झोप तू."

"मी खेळू शकते उद्या." तिने पायाची पट्टी सोडली, नीट गुंडाळी केली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मला भीती वाटते, पण खेळू शकते."

ती गुंडाळी आत्ताही समोर आहे.

मोबाईलवर मी बरंच वाचलं. पहिला मार मेंदूला बसलेला असताना दुसरा बसला तर काय होऊ शकतं, ते वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवला. वाचलेलं काही उलटं ठेवता येत नाही. ओमेशच्या मुलीचं हाड सहा आठवड्यांत सांधलं, आता ती घागर उचलते. डोक्याचं तसं नसतं. आणि मला भीती कसली होती? माझ्या मुलीचं हाड मोडेल याची. त्या भीतीपायी मी गंगाबाईंची मुलगी पुढे केली, जिच्या आईने माझ्याच मुलीच्या खोट्या पट्टीकडे बघून हळहळ केली होती.

बुधवारी गंगाबाईंचा फोन आला होता. सहज, चौकशीला. राखी जेवते का, फार थंडी आहे का तिकडे. मग म्हणाल्या, "पयले ती तिरोड्याले जाये तरी मले झोप नाही लागे. आता तुमच्या घरी आहे म्हणून लागते." मी हसून काहीतरी बोलले. तेव्हा राखीचं डोकं ठणठणीत होतं, म्हणून हसू तरी शकले.

एकदा वाटलं, फक्त भूपेंद्र सरांना सांगावं. माणूस चांगला आहे. पण त्यांच्याकडे सहा मुली आहेत, आणि पाहुणे यायचे आहेत. राखी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणेल, मी एकदम बरी आहे सर, आणि ते तिच्याकडे बघून, मनातल्या मनात सात मोजून, म्हणतील, ठीक आहे, त्रास झाला तर सांग. मी त्यांना दोष देत नाही. मीही दोन दिवस सातच मोजतेय. त्यांना सकाळी सहा वाजता सांगेन, दोन्ही गोष्टी सांगेन, डोक्याची आणि पायाची. मग ते ग्रुपवर लिहोत, हिरालालच्या टपरीवर माझं नाव निघो. आणि चंचलने उतरायचं की नाही ते चंचल ठरवेल. पाय तिचा आहे.

पण राखीला आज कोणी थांबवू शकत असेल तर तिची आई. आणि तिच्या आईला हे माझ्याच तोंडून कळलं पाहिजे, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी. तिची पोरगी माझ्या घरी होती.

राखी मला माफ करेल असं वाटत नाही. ती माणसं पुन्हा केव्हा येतील, येतील की नाही, मला माहीत नाही. तिसरी भरती ती कशाच्या आधारावर भरणार? मी तिच्याशी बोललेला 'बरं' हा शब्द मोडते आहे, तोही तिच्या झोपेत. तिने माझं झाकलं, मी तिचं उघडं करणार. सकाळी उठल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला आत्ताच दिसतंय. बघू दे.

चार वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. दुधराम भाऊ पहाटे चारला जाळी काढायला निघतात, राखीनेच सांगितलं होतं. गंगाबाई त्याआधी उठून चूल पेटवतात आणि त्यांना चहा देतात. म्हणजे त्या आत्ता जाग्या असतील. साडेपाचची गाडी मिळाली तर आठच्या आत इथे पोहोचतील. त्या इथे आल्या की आम्ही दोघी राखीला घेऊन दवाखान्यात जाऊ, तिघी. चंचल मैदानावर नसली तर चौघी.

काय बोलायचं ते मी दोनदा ठरवलं आणि दोनदा खोडलं. उलटीपासून सुरुवात केली तर त्या घाबरतील, आणि पायापासून सुरुवात केली तर मी राखीच्या आधी स्वतःबद्दलच बोलेन. राखी आत्ता झोपली आहे, श्वास नीट चालू आहे, हे आधी सांगेन. मग म्हणेन, तुमची पोरगी पडली, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मग बाकीचं.

आत जाऊन चौथ्यांदा बघून आले. राखी कुशीवर वळली आहे, चंचलचा हात तिच्या अंगावर आहे. दार हळूच ओढून घेतलं आणि फोन हातात घेतला. नंबर तिने स्वतःच पहिल्या दिवशी माझ्या फोनमध्ये घातला होता. 'राखीची आई' अशा नावाने.